वाचकांचे प्रश्न : कर्करोगाचा धोका घरच्या घरी कमी करता येतो का?

मागील अंकात या सदरासाठी कर्करोगाविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत आहाराविषयी विचारणा होती. काय खाल्ल्याने कर्करोग होतो आणि काय खाल्ल्याने तो टळतो, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे होते. तंबाखूचा उल्लेख मात्र थोड्याच पत्रांत होता आणि तोही जाता जाता केलेला. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. स्त्रियांत पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा आणि त्याखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा लागतो. यांपैकी तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी टाळता येतो आणि स्तनाचा वेळेत ओळखता येतो, त्यामुळे उत्तरे देताना कोणत्या विषयावर किती पत्रे आली यापेक्षा कोणता धोका किती मोठा आहे, हे मी पाहिले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि गेली चाळीस वर्षे त्या मशेरी लावतात, सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणांनंतर, रात्री झोपताना आणि मध्ये एखाद्या वेळी. "मी काही तंबाखू खात नाही, दात घासते," असे त्या म्हणतात. मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना तिखट अजिबात सोसत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी दाढ दुखत होती म्हणून त्यांनीच मला मशेरी दिली आणि ती सवय अजून सुटलेली नाही. आता मला पुन्हा दिवस गेले आहेत. काय करावे?
(एक गृहिणी, बार्शी तालुका)

उत्तर : "तिखट सोसत नाही" या आपल्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्रातले सर्वांत तातडीचे वाक्य तेच आहे. तंबाखू किंवा सुपारी वापरणाऱ्या माणसाच्या तोंडाची तिखटाने आग होऊ लागली, तर तोंडातील अस्तरात बदल सुरू झाल्याची ती खूण असू शकते. सासूबाईंना या आठवड्यातच दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावे. आपण बार्शीजवळ राहता, ही एका अर्थाने जमेची बाजू आहे. तेथे कर्करोगाचे रुग्णालय आहे आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली.

तोपर्यंत घरी एक पाहणी करता येते. सकाळच्या उजेडात दाराशी बसवून त्यांना चूळ भरायला सांगावे, कवळी असल्यास काढून ठेवावी आणि ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जीभ आणि जिभेखालचा भाग क्रमाने पाहावा. मशेरी ज्या बाजूला जास्त लागते तो भाग विशेष लक्ष देऊन पाहावा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा हाताला लागणारा घट्टपणा, यांपैकी काहीही दिसले तर "गरम पडलंय" म्हणून सोडून देऊ नये. नंतर त्यांना स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगावे. निरोगी तोंडात ती सहज मावतात. एका गावातील तपासणीत एका बाईंच्या तोंडात दीडच बोट गेले. त्यांनी सांगितले, की दोन वर्षांपासून त्या भाकरी आमटीत कुस्करूनच खातात. दाढेचे दुखणे असेल म्हणून घरात कोणी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

आता "मी तंबाखू खात नाही" या म्हणण्याविषयी. मशेरी कशी होते, हे आपल्या घरातल्या सर्वांनी पाहिलेले असते. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, घरभर ठसका उठतो, मग ती चुरून डबीत भरतात. भाजल्याने तंबाखूचा तंबाखूपणा जात नाही. निकोटिन राहते, म्हणूनच सवय लागते. कर्करोग निर्माण करणारी द्रव्येही राहतात. धूर न काढता वापरल्या जाणाऱ्या तंबाखूत अशी अठ्ठावीस द्रव्ये ओळखली गेली आहेत. बोट हिरडीवरून फिरत असताना ती तोंडाच्या नाजूक अस्तराला पाच-पाच, दहा-दहा मिनिटे चिकटून राहतात आणि हे दिवसातून पाच वेळा, चाळीस वर्षे चालते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, लावणारे किंवा गालात धरणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः बिनधुराचा आहे आणि त्यात मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही आणि तपासणीलाही नेत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

पोट साफ न होण्याची तक्रार खोटी नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे मशेरी बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. हे आधीच सांगून ठेवले तर चौथ्या दिवशी डबी परत बाहेर निघत नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, रात्री भिजवलेल्या मनुका एवढ्यावर बहुतेकांचे भागते. न भागल्यास डॉक्टरांकडून पंधरा दिवसांपुरते सौम्य औषध घ्यावे. चिडचिड, डोके दुखणे आणि झोप न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि बहुधा महिन्याभरात ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ लवंग किंवा भाजलेली बडीशेप तोंडात ठेवावी, सुपारी मात्र ठेवू नये. तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन करणारी राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. तिचा उपयोग जरूर करावा, कारण कोणाशी तरी बोलत राहिल्याने सोडणे सोपे जाते.

आपल्या स्वतःविषयी मात्र महिन्याभराची सवड नाही. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. आपण आजच थांबवावे, दाढ दंतवैद्याला दाखवावी आणि पुढच्या तपासणीत ही सवय डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावी. सासूबाई आणि आपण एकाच दिवशी सोडलीत तर फार चांगले. एकाच घरात एकीने सोडायची आणि दुसरीची डबी समोर कोनाड्यात ठेवायची, हे सहसा निभत नाही.

प्रश्न : आमच्या भागात खर्रा सर्रास खातात. मी तंबाखू दोन वर्षांपूर्वी सोडली; आता फक्त सुगंधी सुपारी खातो. त्यात तंबाखू नसल्याचे पाकिटावर छापलेले असते. हे सुरक्षित आहे ना?
(एक तरुण, चंद्रपूर)

उत्तर : तंबाखू सोडलीत हे मोठे काम आपण केले आहे, त्यामुळे पुढचे सांगताना मला संकोच वाटतो, पण उत्तर "नाही" असेच आहे. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगजनक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच काढला आहे. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साठत जातात, गाल पट्ट्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. आज तोंड कमी उघडणाऱ्या ज्या तरुणांवर दंतमहाविद्यालयांत उपचार चालू आहेत, त्यांतल्या अनेकांनी सुरुवात गोड सुपारीच्या पुडीपासूनच केलेली असते. एकदा ताठ झालेला गाल पूर्ववत मऊ होत नाही. उपचारांनी तोंड थोडे अधिक उघडते एवढेच, आणि यांतील काहींना पुढे कर्करोग होतो.

विदर्भातला खर्रा आणि नगर-सोलापूरकडचा मावा हे एकाच घराण्यातले आहेत. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून एकजीव केले जाते. चुन्यामुळे निकोटिन अस्तरातून झपाट्याने शोषले जाते आणि सुपारीच्या खरबरीत तुकड्यांनी गाल सोलवटत राहतो. गोव्याने २००५ साली गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१२ साली. तरीही या वस्तू टपरीवर मिळतात हे आपण जाणताच, म्हणून कायद्याची वाट न पाहता स्वतःपुरता निर्णय घ्यावा. सुपारीचे स्थान पूजेच्या ताम्हनात आहे, तेथे ती गणपती म्हणून जरूर बसवावी. जेवणानंतर तोंडात टाकायला बडीशेप, ओवा किंवा जवस पुरेसे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस तिला द्यावी असे बालरोगतज्ज्ञांनी सुचवले. "एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला," असे घरातील मोठ्या माणसांचे मत आहे. तसेच माझे वय एकेचाळीस आहे. मी स्वतः काय करावे?
(एक नोकरदार स्त्री, पुणे)

उत्तर : लस द्यावी, आणि ती याच वयात द्यावी. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतात. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सार्वत्रिक आहे, की विवाहित आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेकांना होऊन जातो. त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही. लस संसर्ग रोखते, झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणूनच ती संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वी द्यायची असते. गोवराची लस आपण गोवर येण्याआधी देतो, त्याचाच हा प्रकार आहे, असे घरातील मोठ्यांना सांगता येईल. शिवाय या वयात शरीराचा प्रतिसाद अधिक चांगला असल्याने नऊ ते चौदा वर्षांपर्यंत दोन मात्रा पुरतात, पंधरा वर्षांनंतर तीन लागतात. एका मात्रेनेही चांगले संरक्षण मिळते असे पुढे आल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्यायही मान्य केला आहे. आपल्या पुण्यातच तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ती विषाणूच्या चार प्रकारांविरुद्ध काम करते आणि त्यांत सर्वाधिक घातक असलेले १६ व १८ हे दोन प्रकार येतात.

आता आपल्याविषयी. एकेचाळीसाव्या वर्षी आपल्यासाठी लसीपेक्षा तपासणीचे महत्त्व अधिक आहे. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा ते वीस वर्षांचा असतो आणि त्या वाटेवर गर्भाशयमुखावर दिसणारे बदल ओळखून काढून टाकले तर कर्करोग होतच नाही. दुसऱ्या कोणत्याही कर्करोगात इतकी मोठी सवलत आपल्याला क्वचितच मिळते आणि ती आपण वाया घालवत आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेल्या स्त्रिया देशभरात केवळ १.९ टक्के निघाल्या.

तपासणीला मोठे यंत्र लागतेच असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून, मिनिटभर थांबून, तो भाग पांढरा पडतो का एवढे पाहिले. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या दुसऱ्या अभ्यासात विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. हा अभ्यास २००९ साली जगापुढे आला आणि अनेक देशांची तपासणीची पद्धत बदलण्यात त्याचा वाटा आहे. ज्या जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला हे शिकवले, त्याच राज्यातील शिकलेल्या स्त्रियाही अजून तपासणीला जात नाहीत, हे मला फार लागते.

आपण पुण्यात आहात, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एचपीव्ही चाचणी करून घ्यावी; ती निर्दोष आली तर पुढची पाच वर्षांनी करावी. ती परवडत नसेल तर पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन केलेली तपासणी, तीन वर्षांनी करावी किंवा सरकारी केंद्रात व्हिनेगरची तपासणी करून घ्यावी. पाळी संपल्यावर आठ-दहा दिवसांनी गेलेले बरे. तपासणीला पाच मिनिटे लागतात, थोडे अवघडल्यासारखे होते, दुखत सहसा नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाऊ लागले, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे. मुलीला लस दिली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी करावी लागेल, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या आईला बावन्नाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. मी सेहेचाळीस वर्षांची शिक्षिका आहे. तो मला होणारच का? घट्ट अंतर्वस्त्रे आणि दुर्गंधीनाशक फवारे यांमुळे धोका वाढतो असे ऐकले, ते खरे आहे का?
(एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. अंतर्वस्त्रे आणि फवारे यांचा या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्या काळजीतून आपण मोकळ्या व्हावे.

आईला झाला म्हणून मुलीला होतोच असे नाही. सर्व कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच ठळकपणे आनुवंशिक असतात. तरीही आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी एकीला झाला असल्यास धोका सर्वसाधारण स्त्रीपेक्षा सुमारे दुप्पट धरतात, त्यामुळे आपण बेसावध राहू नये. आईकडे किंवा वडिलांकडे आणखी कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, आणि तो पन्नाशीच्या आत झाला होता का, हे विचारून लिहून काढावे. वडिलांची बाजू बहुतेक जण विसरतात. दोषयुक्त जनुक तिकडूनही येऊ शकते. अशी दोन-तीन नावे निघाली तर जनुकीय सल्ला घ्यावा.

आपल्या वयाला आणि पार्श्वभूमीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, सुरू करणे योग्य आहे; दर किती वर्षांनी करावी हे डॉक्टरांशी ठरवावे. त्याशिवाय प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणीही मोलाची आहे. टाटा रुग्णालयाच्या मुंबईतील त्याच प्रयोगात दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली जात होती आणि वीस वर्षांनंतर, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. घरी महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या पेरांनी, काखेपर्यंत चाचपून पाहावे. त्यामुळे आपल्या स्तनांची नेहमीची ठेवण हाताला ओळखीची होते आणि बदल झाल्यास चटकन कळतो. दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष केले जाते, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सुट्टी लागण्याची वाट पाहू नये.

रोजच्या जगण्यात आपल्या हाती असलेल्या गोष्टी दोन: वजन आणि चालणे. पाळी गेल्यावर शरीरातील चरबीच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करू लागते, त्यामुळे त्या वयातील वाढते पोट या कर्करोगाला खतपाणी घालते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालावे. शाळेत उभे राहून शिकवणे यात धरू नये.

प्रश्न : मी फक्त शनिवारी दोन-तीन पेग घेतो. थोडी रेड वाईन आरोग्याला चांगली असते असे म्हणतात. कर्करोगाच्या दृष्टीने किती मद्य चालते?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : कर्करोगाच्या दृष्टीने पूर्णतः सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. शरीरात मद्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील जनुकांना इजा करते. ते व्हिस्कीतून आले की वाईनमधून, याने फरक पडत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन, इतक्या ठिकाणी धोका वाढतो. तीस मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो आणि रोज एवढे घेणाऱ्या स्त्रीचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका न घेणाऱ्या स्त्रीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी अधिक असतो. पेगाबरोबर सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. आपल्या पत्रात तंबाखूविषयी काही लिहिलेले नाही. ती नसेल अशी आशा करते. शनिवार कमी करत करत सोडून देणे, हेच सांगेन.

प्रश्न : मायक्रोवेव्ह, प्लास्टिकचे डबे, साखर, मैदा यांमुळे कर्करोग होतो आणि हळद व लिंबूपाणी यांनी तो बरा होतो, असे संदेश आमच्या गटात रोज येतात. यांतील खरे किती?
(ज्येष्ठ नागरिक संघाचे एक सदस्य, कोल्हापूर)

उत्तर : मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थ तापवतात, जनुके तोडत नाहीत. त्यात प्लास्टिकऐवजी काचेचे भांडे ठेवावे, इतकीच दक्षता पुरे. साखर कर्करोगाला थेट खायला घालते हे खरे नाही, मात्र अति गोडाने वजन वाढते आणि लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जोडला गेला आहे. स्वयंपाकातली हळद खुशाल खावी. तिच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, कारण पोटातून ती फारच थोडी शोषली जाते आणि मोठ्या मात्रांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. लिंबूपाण्याने तहान भागते. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना असे संदेश कृपा करून पाठवू नयेत. त्यांच्यापायी उपचार अर्धवट सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

ज्याबद्दल संदेश येत नाहीत, अशी एक गोष्ट सांगते. चटणीसाठी किंवा कुटासाठी ठेवलेल्या शेंगदाण्यांना, मक्याला किंवा खोबऱ्याला बुरशी लागली, तर वरवर पुसून, भाजून ते वापरू नयेत. त्या बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू ज्याच्या शरीरात आहे, त्याला तर त्याचा धोका कितीतरी अधिक. म्हणून नातवंडांना जन्मानंतर चोवीस तासांच्या आत या काविळीची, म्हणजे हेपटायटिस बीची, लस मिळाली ना, याची चौकशी गटात जरूर करावी. चहाही वाफाळता, जीभ भाजेल इतका गरम पिऊ नये. पासष्ट अंशांहून अधिक गरम पेयांचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. बाकी ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हे आपले जेवण आतड्यांसाठी उत्तमच आहे. ते सोडून सॉसेज आणि सलामीकडे वळू नये. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

प्रश्न : मी द्राक्षबागायतदार आहे. फवारणीच्या औषधांमुळे द्राक्षे खाणाऱ्यांना कर्करोग होतो, असे लोक बोलतात तेव्हा वाईट वाटते. फवारणी मी स्वतः करतो. तंबाखू मळता मळता काम चालते.
(एक शेतकरी, तासगाव)

उत्तर : फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि खावीत; फळे-भाज्या सोडण्याने खाणाऱ्याचे नुकसानच होईल. मला काळजी खाणाऱ्यापेक्षा आपली अधिक वाटते. औषध मिसळताना ते सर्वांत जास्त आपल्या हातावर येते आणि त्याच तळहातावर आपण तंबाखू मळून ती गालात धरता, म्हणजे दोन्ही विषे एकाच चिमटीने तोंडात जातात. हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून फवारावे, कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत. तंबाखूची पुडी बागेत नेणे बंद करणे, ही सोडण्याची चांगली पहिली पायरी होईल.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो. वडील सदुसष्ट वर्षांचे असून साताऱ्याजवळ गावी असतात. चाळीस वर्षे विडी ओढतात. तपासणीचा विषय काढला की म्हणतात, "नसतं उकरून कशाला काढायचं?" मी येथून त्यांच्यासाठी ट्यूमर मार्करसह संपूर्ण तपासणीचे पॅकेज नोंदवावे का? डिसेंबरमध्ये येणार आहे, तेव्हा समजावीन. फोनवर हल्ली त्यांचा आवाज बसलेला वाटतो, दोन महिने झाले, पण ते म्हणतात हवा बदलली.
(एक वाचक)

उत्तर : ट्यूमर मार्करचे, म्हणजे रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्यांचे, पॅकेज नोंदवू नये. काहीही तक्रार नसलेल्या माणसात त्या रक्तचाचण्यांनी कर्करोग भरवशाने सापडत नाही. आकडा उगाच वाढलेला निघाला तर घरभर घबराट होते आणि योग्य निघाला तर खोटा दिलासा मिळतो. सरकारी कार्यक्रमानुसार तिशीपुढील सर्वांची तोंडाची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. एरवी मी आपल्याला तेथूनच सुरुवात करायला सांगितले असते.

पण आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या वाक्याने सगळे बदलते. चाळीस वर्षे विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. येथे "उकरून काढण्याचा" प्रश्नच राहिलेला नाही. लक्षण आपणहून वर आले आहे. कारण साधी सूज असू शकते, बहुतेकदा तसेच निघते. तो स्वरयंत्राचा कर्करोग असला, तरी आवाज लवकर बसत असल्याने तो सुरुवातीलाच पकडता येतो आणि त्या टप्प्यावर केवळ किरणोपचारांनी किंवा लहान शस्त्रक्रियेने, आवाज राखून, बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. हीच संधी डिसेंबरपर्यंत टिकेल, असे मात्र नाही.

म्हणून आजच गावातील एखाद्या नात्यातल्या माणसाला फोन करून वडिलांना साताऱ्यातील किंवा कराडमधील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे या आठवड्यात घेऊन जायला सांगावे. वडिलांना कर्करोगाचा शब्दही काढायची गरज नाही. "फोनवर तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही, घसा दाखवून घ्या," एवढे म्हणावे. घशात आरसा किंवा बारीक दुर्बीण घालून पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. गिळताना अडकते का, मानेला गाठ आहे का, थुंकीतून रक्त जाते का, वजन उतरले आहे का, या चार गोष्टी वडिलांना विचारून सोबत जाणाऱ्याला सांगून ठेवाव्यात आणि दिवसाला किती विड्या ओढतात तो खरा आकडाही डॉक्टरांना कळू द्यावा.